सूर का हलतो

रेकॉर्डचा कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली होती. आता लोकांना पुन्हा रेकॉर्डचं वेड लागलं, म्हणून नव्या मालकीणबाईंनी तो पुन्हा सुरू केला आणि जुन्या तपासनिसाला बोलावणं धाडलं. पूर्वी प्रत्येक नमुना ऐकून तोच पास करायचा.

"जाऊ नका, फजिती होईल," बायकोने हातवारे करून बजावलं. गेल्या चार वर्षांत त्याचे दोन्ही कान पार गेले होते. तरी तो गेला.

मालकीणबाईंनी रेकॉर्ड लावली. सगळे कामगार त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. काय करावं सुचेना, म्हणून तो नुसता सुईकडे बघत बसला. फिरत्या रेकॉर्डवर सुई किंचित डावी-उजवीकडे झुलत होती.

"मधलं भोक जरा बाजूला पडलंय," तो म्हणाला. मग त्याला राहवेना. "बाई, खोटं कशाला बोलू? मला काहीच ऐकू आलं नाही."

मालकीणबाईंनी कागद ओढला आणि लिहिलं, ‘सूर हलतोय, हे आम्हा सगळ्यांना ऐकू येतं. का हलतोय, ते महिनाभर कुणाला सापडत नव्हतं. उद्यापासून याल?’