लेकीच्या हाताचं माप

“वापर नसला की रबर असंच चिकट होतं,” लेकीच्या गोल्फच्या काठीची मूठ चाचपत दुकानदार म्हणाला. “नवीन ग्रिप बसवू. ताईंच्या हाताचं माप काय?”

“लहान आहे.” मी माझ्या तळहातावर निम्म्यापर्यंत बोट टेकवून दाखवलं.

“वय काय त्यांचं?”

“छत्तीस.”

तो हसला नाही, पण मीच कानकोंडा झालो. लग्न होऊन ती कॅनडाला गेली, तेव्हापासून तिचा हात मी फक्त फोनवर हलताना पाहिलाय. त्यात माप कसलं कळणार?

बायकोला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही. तिने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली आणि एक हिरवी बांगडी काउंटरवर ठेवली. लेकीच्या लग्नातल्या चुड्यातली.

“दोन-चारची आहे. यावरून बघा.”

दुकानदाराने बांगडी निरखली आणि सगळ्यात बारीक ग्रिप काढून दिली. मी ती मुठीत धरली, तर माझी बोटं तळव्यात रुतली.

“हीच,” मी म्हणालो.

“उद्या देतो. कधी येतायत ताई?”

मी बायकोकडे पाहिलं. ती बांगडी पुन्हा रुमालात गुंडाळत होती.

“सावकाश बसवा,” ती म्हणाली. “नुसतं पडून राहिलं तर परत चिकट होईल.”