बापावर गेलेली

कालवडीचं डोकं खाजवताना हणमंताचा अंगठा अडखळला. केसांखाली दोन्हीकडं हरभऱ्याएवढी शिंगं फुटत होती.

हिच्याच आईच्या शिंगानं त्याच्या बायकोचा, कस्तुराचा, डावा डोळा गेला होता. तरी गाय विकायची नाही आणि वासरांची शिंगंही डागायची नाहीत, हा तिचा हट्ट. म्हणून त्यानं मुद्दाम बिनशिंगी वळूचं रेतन करून घेतलं. ‘तरी निम्मी वासरं आईवरच जातात,’ हे डॉक्टरांचं बोलणं मात्र त्यानं तिला सांगितलं नव्हतं.

कस्तुरा चरवी घेऊन आली, शेजारी टेकली. “बापावर गेली न्हवं?”

“व्हय की,” तो म्हणाला.

तिनं कालवडीच्या डोक्यावरून हात फिरवला. हात थांबला. मग ती उठली आणि कालवड उजव्या डोळ्यासमोर राहील अशी पलीकडं जाऊन बसली.