निळ्या सपाता

आईचं ऑपरेशन दुपारी तीनला होतं. त्याआधी लाम्पांग शहरातल्या नऊ बुद्धविहारांत माथा टेकायचा वानिदाचा नवस होता. सातव्या विहारातून ती बाहेर आली, तर तिच्या आणि धाकट्या भावाच्या, कोसिनच्या, चपलांशेजारी पुन्हा आईच्या, घरात घालायच्या निळ्या सपाता.

"पुरे झाली तुझी चेष्टा," ती वैतागली. "दर ठिकाणी या आणून ठेवतोस. उशीर होतोय."

"ताई, मी तुझ्याबरोबरच आत होतो."

सातव्यांदा सपाता कचऱ्याच्या डब्यात टाकून तिनं गाडी काढली. पुलावर कोसिन हळूच म्हणाला, "आई, पूल आलाय. मागोमाग ये."

"गाढवा, असं मेलेल्या माणसाला सांगतात, वाट चुकू नये म्हणून. आई दवाखान्यात आहे."

"तिनं विचारलं म्हणून सांगितलं," मागच्या सीटकडे न बघता कोसिन म्हणाला.