मैदानाला शेवटचं पाणी

जपानमधल्या तोयामा शहरातल्या आमच्या कारखान्याच्या हॉकी मैदानाला सामन्याआधी पाणी मारायचं काम माझं. पोरींना सांगायचो, ‘काल फवाऱ्यातून हातभर मासा उडाला, भाजून खाल्ला!’ कर्णधार कानाए हसायची, ‘थापाडे आजोबा, काटे तरी दाखवा!’ चौदा वर्षं खेळली. गुडघ्याचं दोनदा ऑपरेशन झालं, ठरलेलं लग्न मोडलं, मैदान सोडलं नाही. मग मालकांनी संघच बंद केला. शेवटचा सामना संपल्यावर रिवाजाप्रमाणे साऱ्याजणी मैदानापुढे वाकल्या. कर्णधारानं मैदानाचे आभार मोठ्यानं मानायचे, मगच सरळ व्हायचं. कानाएचा आवाजच फुटेना, खांदे गदगदले. छायाचित्रकार तिच्याकडे धावले. मी फवाऱ्यांची चावी फिरवली, सगळे चिंब. ‘म्हाताऱ्या, डोळे फुटले का?’ व्यवस्थापक ओरडले. ‘चावी गंजलीय, साहेब.’ आयुष्यात पहिल्यांदाच माझी थाप पचली. मैदानाचे आभार मानून निथळत कानाए जवळ आली. ‘आजोबा, आज फवारे समुद्राला जोडलेत का? पाणी खारट लागलं.’