पाठमोरी

आदल्या दिवशी आई खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. "माझं चित्र काढतेयस होय? पाठमोरीच काढ बाई, तेवढंच नाक लपेल." लेकीने कोर्सच्या डिजिटल कॉमिकसाठी तिला तशीच पाठमोरी एकदाच काढलं आणि चारही चौकटींत तेच चित्र डकवलं.

दुसऱ्या दुपारी आई न्हाणीघरात पडली, ती गेलीच. हेडफोनमुळे काही ऐकू आलं नाही, असं लेकीने सगळ्यांना सांगितलं.

महिन्याने तिने फाइल उघडली. दुसऱ्या चौकटीत आईचा कान दिसत होता, तिसऱ्यात गाल. फाइलवरची शेवटच्या बदलाची तारीख मात्र आई असतानाचीच. चक्रावून तिने मूळ चित्र चारही चौकटींत पुन्हा डकवलं.

तरी चौथ्या चौकटीत आई पुरती वळली होती, उत्तराची वाट बघत असल्यासारखी.

"आई," लेक म्हणाली, "तुझी हाक मला ऐकू आली होती. मी उठले नाही."