चौथी सही

बाबा शब्दकोशाच्या कचेरीत दिवसभर शब्दांची पाळंमुळं खणायचे आणि संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर आणून मांडायचे. "कन्सेंट म्हणजे नुसती परवानगी नव्हे, बरं का. मूळ लॅटिन. सगळ्यांना मिळून एकच वाटणं. एकालाही वाटलं नाही, तर तो कन्सेंट नाही." म्हणून घरातला प्रत्येक निर्णय एका कार्डावर लिहिला जायचा आणि आई, बाबा, दादा आणि धाकटी ती, अशा चौघांच्या सह्या झाल्याशिवाय पुढे काही हलायचं नाही. ती हॉस्टेलवर होती तेव्हा पडद्यांच्या रंगाचं कार्डही पोस्टानं तिच्याकडे आलं होतं. तिनं "नको" लिहून परत पाठवलं, तर दोन वर्षं खिडक्या तशाच उघड्या राहिल्या.

बाबा गेल्यावर महिन्याभरानं ती आणि दादा त्यांचे कार्डांचे खण आवरायला बसले. सगळ्यात शेवटचं कार्ड नऊ महिन्यांपूर्वीचं निघालं. "ऑपरेशन करायचं नाही. उरलेले दिवस घरीच." खाली बाबांची, आईची आणि दादाची सही होती.

"दादा, तू तर म्हणालास, आजार कळला तेव्हाच उशीर झाला होता."

"बाबांनी शपथ घातली होती गं, छोटे." दादानं मान वर केली नाही.

चौथ्या सहीच्या जागी बाबांच्या सुबक अक्षरात एक ओळ होती.

"हिला विचारू नये. ही नको म्हणेल, आणि मला ऐकावं लागेल."