देशाचा मध्य सभामंडपात

कीर्तनाचा पूर्वरंग संपला, बुक्का लावून झाला, आणि मोजणी खात्याचे धामणकर यंत्र घेऊन थेट सभामंडपात शिरले.

"कुमुदताई, बाजूला व्हा. समुद्राने आज पुन्हा किनारा खाल्ला, देशाचा मध्य सरकून तुमच्या पायाखाली आलाय. इथे यंत्र टेकेपर्यंत कुठलंच अंतर मोजता येत नाही. देशभरच्या गाड्या आपोआप थांबल्यात."

"नारदाची गादी आहे ही. आरतीशिवाय उतरता येत नाही."

"मग आरती उरका की. कथा उद्या सांगा."

कुमुदताईंनी चिपळ्या आवळल्या. उत्तररंगातली मायलेकीची कथा त्यांनी रेवतीसाठीच बसवली होती. कित्येक वर्षांचा अबोला सोडून लेक आज कीर्तनाला येत होती. तेवढ्यात पेटीवाल्यांनी फोन त्यांच्या कानाशी धरला.

"आई, पुलावर अडकलेय गं. गाडीची दारं उघडत नाहीत. जीव गुदमरतोय."

कथा तशीच गिळून कुमुदताईंनी आरतीचं तबक मागवलं.

यंत्र टेकलं, गाड्या हलल्या. रेवती धापा टाकत पोहोचली, तेव्हा मंडळी चपला शोधत होती.

"संपलं होय गं?"

तिला पोटाशी धरून कुमुदताईंनी धामणकरांकडे पाहिलं. "उद्या कुठे असणार हो तुमचा मध्य?"

"ते समुद्राला विचारा, ताई."